हो म्हणा, मग आत घेतील

"पिऊन आलाय. बाहेर बसवा. उतरली की बघू."

ड्यूटीवरच्या डॉक्टरने हे बाबांकडे न बघताच सांगितलं. बघितलं होतं त्याने, पण एकदाच, आणि लगेच नाकाशी हात नेला होता. बाबांना स्ट्रेचरही मिळालं नव्हतं. रामदासकाकांनी त्यांना बगलेत धरून कसंबसं उभं केलं होतं. उजवा पाय फरशीवर घासत होता. तोंडाच्या एका कोपऱ्यातून लाळ गळत होती. बाबा काहीतरी सांगायला बघत होते, पण शब्द येत नव्हते, नुसता जड, ओला आवाज येत होता. कॅज्युअल्टीत बसलेल्या लोकांनी पाय आखडून घेतले. एका बाईने मांडीवरच्या पोराचं तोंड दुसरीकडे वळवलं.

वॉर्डबॉयने बाबांना बाहेर आणून बाकावर टेकवलं. चपला ठेवायच्या रॅकशेजारी. भर दुपार होती, ऊन थेट बाकावर येत होतं. बाबा उजवीकडे कलंडायला लागले की आई खांदा लावून त्यांना सरळ करायची आणि पदराने लाळ पुसायची. आत जाणारे-येणारे बघून जात होते. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "दिवसाढवळ्या बघ." दुसरा हसला.

मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. कंपनीतून फोन आला तशी आई आणि मी सातपूरहून रिक्षा करून धावत आलो होतो. रामदासकाका बाबांच्या जोडीला काम करणारे, घोटीकडचे. त्यांनीच कंपनीच्या पिकअपमध्ये घालून बाबांना आणलं होतं. दवाखाना खाजगी, मोठा, काचेच्या दारांचा. कंपनीत कुणाला काही झालं तर इथेच आणायचं असं ठरलेलं होतं.

केसपेपरच्या खिडकीतल्या मुलीने पत्ता विचारला. मी वस्तीचं नाव सांगितलं. तिने मान वर करून आधी माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरकडे.

"अच्छा, तिथले," डॉक्टर म्हणाला.

एवढंच. पुढे त्याला काही विचारायची गरज वाटली नाही. आमच्या वस्तीचं नाव निघालं की नाशिकमध्ये बऱ्याच लोकांचं असंच होतं. कॉलेजमध्येही व्हायचं. मी ते पाहत आले होते, त्याची सवय झाली होती. पण त्या दिवशी बाबा बाकावर कलंडत होते आणि सवय कामाची नव्हती.

मी पुन्हा आत गेले. म्हणाले, "सर, माझे बाबा पीत नाहीत."

"सगळ्यांचेच बाबा पीत नाहीत."

रामदासकाका पुढे झाले. "सायेब, खरंच नाय पीत तो. आमचं कामच तसलं हाय. टाकीत उतरून द्राक्षाचा चोथा काढतो आम्ही. त्याचा वास ऱ्हातो कपड्याला."

डॉक्टर त्यांच्याकडे वळला. हुंगल्यासारखं केलं आणि म्हणाला, "तुम्ही पण घेऊनच आलाय."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. रामदासकाका मागे सरकले. साक्षीदाराच्याच अंगाला तो वास होता. आता कोण ऐकणार?

बाबा वाइनच्या कंपनीत कामाला होते. गंगापूर धरणाच्या पलीकडे. द्राक्षांचा हंगाम लागला की स्टीलच्या उंच टाक्यांमध्ये लाल द्राक्षांचा रस सालीसकट आंबत ठेवतात. रस काढून घेतला की खाली सालींचा, बियांचा चिखल उरतो, तो चोथा. बाबा खालच्या झडपेतून आत वाकून शिरायचे आणि फावड्याने तो बाहेर ओढायचे. कपडे जांभळे व्हायचे. वास केसांत, नखांत, सगळीकडे. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची आणि तरी तो वास बादलीलाच धरून राहायचा. वस्तीत त्यांना 'वाइनसेठ' म्हणून चिडवायचे. बाबा हसायचे. म्हणायचे, "अरे, कंपनीला न पिणारा माणूस पाहिजे होता, म्हणून तर मला घेतलं. दुसऱ्याला घेतलं असतं तर टाकी रिकामी झाली असती."

ते खरंच प्यायचे नाहीत. हे मी मुलगी म्हणून बापाची बाजू घेऊन सांगत नाही. आमचं घर दीक्षा घेतलेलं. आजोबांपासून घरात दारूचा थेंब आलेला नाही. दर रविवारी आम्ही विहारात जातो, पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं, पाचवं दारू न पिण्याचं. बाबांना पाचव्याचा अभिमान होता. रविवारी कामावरून येऊन विहारात जायचं असलं की ते अंग घासून घासून आंघोळ करायचे, डोक्याला दोनदा साबण लावायचे. आपल्या अंगाचा वास शीलाच्या ओळीत मध्ये येऊ नये असं त्यांना वाटायचं.

त्या दिवशी ते फावडं मारत होते आणि फावडं हातातून पडलं. उचललं, पुन्हा पडलं. झडपेबाहेरचा पोरगा म्हणाला, "काका, चढली का काय?" सगळे हसले. बाबाही हसायला गेले आणि हसू एकाच बाजूला आलं. तेव्हा रामदासकाका घाबरले. हे सगळं काकांनी मला नंतर सांगितलं. डॉक्टरलाही सांगायला गेले होते, पण त्याने ऐकून घेतलं नाही.

बाकाजवळ दवाखान्याचा वॉचमन उभा होता. वयस्कर, चांदवडकडचा असावा, बोलण्यावरून तरी तसा वाटला. तो बराच वेळ आमच्याकडे बघत होता. मग जवळ आला आणि हळू आवाजात आईला म्हणाला, "ताई, मी काय सांगतो ते ऐका. भांडू नका. भांडलात की ते लय चिडतात. थोडी घेतली व्हती म्हना. हो म्हना, मग आत घेतील. सलाईन तरी लावतील."

त्याला आमचं भलंच करायचं होतं. त्याने तिथे रोज हेच पाहिलं असणार. जो नाही म्हणतो तो बाकावर बसतो, जो हो म्हणतो त्याला खाट मिळते. दवाखान्याची ती रीत त्याला तोंडपाठ होती आणि ती त्याने आम्हाला देऊन टाकली.

मी म्हणाले, "आई, नाही म्हणायचं. खोटं का सांगायचं?"

आईने माझ्याकडे बघितलं नाही. बाबांचं डोकं तिने माझ्या खांद्याला टेकवलं, पदर खोचला आणि आत गेली. दार काचेचं होतं. मला सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं.

"सायेब, घेतली त्यांनी थोडी," आई म्हणाली. "चुकलं. आत घ्या."

डॉक्टरचा चेहरा सैल झाला. बरं वाटलं त्याला. म्हणाला, "मग आधीच सांगायचं ना. उगाच नाटकं करत बसता."

बाबांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. त्यांनी ऐकलं. शब्द फुटत नव्हते, पण समजत सगळं होतं. त्यांनी डावा हात उचलून दाराकडे केला. आईकडे. आणि "ना... ना..." असा आवाज काढला. मोठ्याने. बाजूची माणसं पुन्हा हसली. मी तो हात धरून खाली घेतला, कारण वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन येत होता. स्ट्रेचर आलं एकदाचं.

आत घेतलं. भिंतीकडेची खाट दिली. सलाईन लावली. केसपेपरवर डॉक्टरने इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. रक्तदाब पाहिला की नाही मला आठवत नाही. "झोपू द्या, उठले की घेऊन जा," असं म्हणून तो गेला. आई खाटेशी उभी होती. बाबांनी तिच्याकडून मान फिरवली. चाळीशी ओलांडलेली बाई, नवऱ्याच्या उशाशी उभी राहून भिंतीवरचं इंजेक्शनचं पोस्टर बघत होती.

त्या दिवसाबद्दल लोक मला विचारतात, काय वाटलं तेव्हा? काही वाटलं नाही. हेच खरं. राग यायला हवा होता, रडू यायला हवं होतं. आतून सगळं सुन्न झालं होतं. मी सलाईनचे थेंब बघत बसले. संध्याकाळी सिस्टरला म्हणाले, "यांचा उजवा हात हलत नाहीये." तिने हात उचलून सोडला, तो धपकन पडला. म्हणाली, "दारूत अंग असंच जड होतं. सकाळी बघतील डॉक्टर." मी बरं म्हणाले. बरं म्हणाले आणि पुन्हा थेंब बघत बसले.

सकाळी राउंडला दुसऱ्या डॉक्टर आल्या, मोठ्या. पन्नाशीच्या बाई. त्यांनी केसपेपर वाचला, मग बाबांच्या तोंडाकडे बघितलं, मग पुन्हा केसपेपर.

"काका, हसून दाखवा."

बाबांचा अर्धाच चेहरा हलला.

"दोन्ही हात वर करा."

डावा हात वर गेला. उजवा चादरीवरच राहिला. बाबा त्या हाताकडे बघत होते, तो दुसऱ्या कुणाचा असावा तसे.

"नाव सांगा तुमचं."

"ना," बाबा म्हणाले.

बाईंनी मला विचारलं, "हे कधी सुरू झालं?"

"काल. जेवणाच्या सुट्टीआधी."

"आणि इथे कधी आणलं?"

"कालच. दुपारी."

 त्या कालच्याच ड्यूटीवरच्या डॉक्टरकडे वळल्या आणि म्हणाल्या, "दारू काय एकाच बाजूला चढते?" हे त्यांनी मराठीत विचारलं, आमच्यासमोर. पुढचं सगळं इंग्रजीत. तो खाली मान घालून केसपेपरवर बोट ठेवत होता. त्यातलं एक वाक्य मला समजलं, नातेवाइकांनी सांगितलं होतं म्हणाला. बाईंनी आईला विचारलं, "तुम्ही का सांगितलं तसं?"

आई म्हणाली, "आत घेत नव्हते."

डोक्याचा स्कॅन झाला. मेंदूची रक्तवाहिनी बंद पडली होती. लकवा. बाईंनी मला बाजूला बसवून नीट समजावलं, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. रक्तवाहिनी अशी बंद पडली की पहिल्या चार-साडेचार तासांत आतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येतं. प्रत्येकाला देता येतंच असं नाही, दिलं म्हणजे माणूस पूर्ण बरा होतोच असंही नाही. पण स्कॅन करून बघायला तर हवं होतं. काल दुपारी वेळ होता. आता तो गेला. मी विचारलं, "म्हणजे बाकावर बसलो होतो तेव्हा वेळ होता?" त्या म्हणाल्या, "हो." मी मान हलवली. मला ते गणितासारखं समजलं, त्याच्या पलीकडे काही नाही.

बाबा जगले. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. घरी आणलं. आम्ही कॉटची जागा बदलली, संडासात पकडायला पाइप बसवला. त्यांच्याकडे आता 'ना' हे एकच अक्षर आहे. पाणी हवं असलं तरी ना, टीव्ही लाव म्हणायचं असलं तरी ना. आम्हाला आवाजावरून कळतं. ते आईवर रागावलेले नाहीत, निदान मला तसं वाटतं. पण ती घास भरवते तेव्हा ते तिच्याकडे बघत नाहीत, ताटाकडे बघतात.

आई रविवारी विहारात जाते. पंचशील सुरू झालं की तिचं तोंड हलतं. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथ्याला ती गप्प होते. मी शेजारी उभी असते म्हणून मला कळतं. सगळे पाचवं म्हणून संपवतात, हात जोडतात, तीही जोडते. पाचव्याबद्दल खोटं बोलून तिने चौथं मोडलं होतं. घरी तिने हे कधी बोलून दाखवलं नाही. मीही विचारलं नाही.

पुढे कंपनीने कळवलं की कामावर असताना दारू प्यायल्याचं दवाखान्याच्या कागदावर आहे, म्हणून नाव कमी केलं. इतकी वर्षं टाकीत वाकलेला माणूस. ज्यांनी त्याला न पिणारा म्हणून ठेवून घेतलं त्यांनीच. ते ऐकून मला पहिल्यांदा काहीतरी झालं.  मी आईला म्हणाले, "चल, ती ओळ खोडून आणू."

दवाखान्याच्या मालक डॉक्टरांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. अगदी आदराने. बसा म्हणाले, चहा मागवला. त्यांच्या मागच्या कपाटात ट्रॉफ्या होत्या आणि त्यांच्यात रिबन बांधलेली वाइनची बाटली. लेबल बाबांच्या कंपनीचं. मी ते वाचलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

"झालं ते वाईट झालं," ते म्हणाले. "पण तुमच्या आईंनीच सांगितलं ना? मग माझा डॉक्टर काय करणार? त्याने ऐकलं ते लिहिलं."

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"आणि ताई, तुम्ही शिकलेल्या आहात," ते पुढे म्हणाले. "तुमच्या लोकांत हे कॉमन असतं, त्यामुळे कुणाचाही गैरसमज होऊ शकतो. दारू म्हणजे काही शिवी नाही. मीसुद्धा घेतो कधीतरी. व्यायाम करून घ्यायला मी आमचा माणूस तुमच्या घरी पाठवतो, काही द्यायला नको. फक्त विषय वाढवू नका."

आई माझ्याकडे बघायला लागली. तिला ते हवं होतं, मला दिसत होतं. बाबांचा हात थोडा जरी हलला तरी तिला हवा होता. हो म्हणून टाक, असं तिच्या डोळ्यांत होतं. पुन्हा तेच. हो म्हणा, मग मिळेल.

मी उठून उभी राहिले. 

"सर, तुम्ही घेता. माझे बाबा घेत नाहीत. आणि बाहेर त्यांना बसवलं."

ते काही म्हणायला लागले. मी थांबले नाही.

"माझी आई खोटं बोलली. तुमच्या दारात खरं बोललं की आत घेत नाहीत म्हणून बोलली. आणि समजा बाबा प्यायलेले असते, तरी? प्यालेल्या माणसाला लकवा होत नाही का? त्याला हात वर करायला सांगायला काय लागलं असतं? तुमच्या डॉक्टरने आमचा पत्ता तपासला, माणूस तपासला नाही. मला तुमचा माणूस नको. ती ओळ चूक होती असं लिहून द्या."

"असं लिहून देता येत नाही."

"मग मी इथून उठत नाही," मी म्हणाले आणि पुन्हा बसले.

त्यांनी बेल वाजवली. आम्हाला बाहेर काढायला जो आला तो तोच वॉचमन होता. त्याने आम्हाला ओळखलं. तो हात लावायला तयार नव्हता, नुसता दारात उभा राहिला. शेवटी आईच उठली. वेटिंगमध्ये बरीच माणसं बसली होती. आई मध्ये जाऊन उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "माझा नवरा पीत नाय. मी खोटं बोलले व्हते. यांनी आत घ्यावं म्हनून." सगळे बघायला लागले. एवढं बोलून ती बाहेर पडली. मी तिच्या मागे.

त्यांनी ती ओळ अजून बदललेली नाही. आम्ही वर तक्रार केली आहे. ती कुठल्या टेबलावर आहे मला माहीत नाही. मी आता अंबडला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब बघते, सुट्टी काढून तक्रारीच्या मागे जाते, परत येते. न्याय मिळेल असं मला वाटत नाही. तरी जाणार. दवाखानावाले थकतील असंही नाही, पण मी जाणार.

डॉक्टरबाईंनी सांगितलंय की बाबांना पुन्हा झटका येऊ शकतो. गोळ्या चालू आहेत, तरी येऊ शकतो. त्यामुळे आईला मी एकदा समोर बसवलं आणि पढवलं. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं फिरलं, यातलं एक जरी दिसलं तरी वाट बघायची नाही. लिंबूपाणी नाही, तेल चोळायचं नाही, झोपवून ठेवायचं नाही. जिथे डोक्याचा स्कॅन होतो तिथेच न्यायचं. शेवटचे कधी ठीक होते ती वेळ सांगायची. लकवा वाटतोय, स्कॅन करा, असं सरळ म्हणायचं. आणि दारूचं विचारलं तर नाही. दहा वेळा विचारलं तर दहा वेळा नाही. बाकावर बसवलं तरी नाही.

 बाबा कॉटवरून आमच्याकडे बघत होते.

"आणि नाय घेतलं आत तर?" आईने विचारलं.

"तर दार अडवून बसायचं," मी म्हणाले. "त्यांना दारात येऊन तपासू दे. पण तू हो म्हणायचं नाहीस."

"नाय म्हननार," आई म्हणाली.